तापायला ठेवलेला गेम

माझी मुलगी माझ्याशी खोटं बोलते आहे, हे मला एका टीव्ही गेममुळे कळलं. सकाळची वेळ होती. इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी पोहे परतत होते आणि फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता. फोनमध्ये ती होती, तिकडे किर्गिझस्तानात, जिथे ती चार वर्षं डॉक्टरकी शिकते आहे.

त्या दिवसांत तिच्या शहरातून वाईट बातम्या येत होत्या. तिथल्या पोरांची आणि परदेशी विद्यार्थ्यांची कुठेतरी बाचाबाची झाली, मग जमाव हॉस्टेलांवर चालून गेला, दारं फोडली, मुलांना मारलं. त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती, हे कळायला मार्ग नव्हता. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच तोच व्हिडिओ नव्याने येऊन आदळायचा. कोणी म्हणे, सगळ्यांना ताबडतोब परत आणा. कोणी म्हणे, घाई करू नका. माझा जीव टांगणीला लागला होता. तिला परत बोलवायचं की तिथेच राहू द्यायचं, यावरून आमच्या घरात रोज दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर भांडण वाढलं जात होतं. मधेच परत आली तर इथलं कुठलंच कॉलेज तिला घेणार नाही, नियमच तसा आहे. म्हणजे चार वर्षं पाण्यात. आणि नाही आली तर काय, ते मी मोठ्याने उच्चारतही नव्हते.

"आई, तू ना फोकट टेन्शन घेऊन राहिली," ती म्हणाली. "मी हॉस्टेलमध्येच आहे. आमच्या साइडला एकदम शांती आहे. और कहाँ जाऊंगी मैं?"

तिच्या मागे पांढरी भिंत होती. केस विंचरलेले, चेहरा धुतलेला. सगळं ठीक दिसत होतं, जरा जास्तच ठीक. आणि तिच्या बोलण्यामागून, बहुधा शेजारच्या खोलीतून, एक धून वाजत होती. टुणटुण करत चढायची, मग घसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी गॅस बंद केला.

ती धून मला झोपेतही ओळखता येईल. पण हे कळायला माझ्या लग्नापर्यंत मागे जावं लागतं.

मी मूळची अकोल्याची. सासरची मंडळी इंदूरची, पिढ्यान्‌पिढ्यांची. खापरपणजोबा दरबारच्या घोडदळात शिलेदार होते, हे मला पहिल्या आठवड्यातच इतक्यांदा ऐकवण्यात आलं की त्यांचे घोडेसुद्धा ओळखीचे वाटायला लागले. त्या शिलेदाराचा वंशज, म्हणजे माझा नवरा, बडा गणपतीजवळ टीव्ही गेम विकत होता. राखाडी प्लास्टिकचा डबा, वायरने जोडलेले दोन रिमोट आणि वरच्या खाचेत दाबून बसवायची कॅसेट. अस्सल यंत्र जपानचं, पण ते आमच्या बाजारात कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे यायची ती त्याची नक्कल. तैवानमध्ये नाहीतर चीनमध्ये बनलेली, दिल्लीच्या व्यापाऱ्याने ट्रान्सपोर्टने पाठवलेली. खोक्यावरचं नाव दर खेपेला वेगळं असायचं, आतला डबा तोच.

दुकान नवऱ्याचं, पण तपासणी घरातल्या बायकांची. हे मला लग्न ठरवताना कोणी सांगितलं नव्हतं. मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सगळं विचारलं, आणि घरी आल्यावर हातात रिमोट दिला. विकलेला सेट थोडा वेळ चालून अडकला की गिऱ्हाईक तो परत आणून दुकानात तमाशा करायचं. म्हणून विकण्याआधी प्रत्येक सेट तापायला ठेवायचा. तापायला ठेवायचा म्हणजे टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायची आणि चालू करून सोडून द्यायचा. पडद्यावर गेमची यादी यायची. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं लिहिलेलं असे, प्रत्यक्षात तेच ते मूठभर गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा आलेले. ती यादी पडद्यावर असेपर्यंत मागे एक धून वाजत राहायची. पोरं ती कधी ऐकत नसत, कारण यादी आली रे आली की ती गेम निवडून मोकळी. ऐकायचो आम्ही. मी कणीक मळते आहे, सासूबाई डाळ निवडताहेत, पाहुणे चहा पिताहेत, आणि धून चालू. डबा तळाशी हाताला कोमट लागला आणि यादी अडकली नाही, की मग दोन-चार गेम खेळून बटणं बघायची. रणगाड्यांच्या गेममध्ये सासूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. घराण्यातली शिलेदारी शेवटी त्यांच्याकडे, म्हणजे एका सुनेकडे, आली होती. पास झालेल्या सेटच्या खालच्या स्क्रूंवर मी नेलपॉलिशचा थेंब लावायचे, म्हणजे कोणी घरी उघडून बघितला तर कळावं. माझ्या लग्नातलं सगळं नेलपॉलिश त्यात संपलं.

एका हिवाळ्यात दिल्लीहून वेगळाच माल आला. खोक्यांवर उलटी-सुलटी परकी अक्षरं. सेट लावला तर चित्र झकास आणि आवाज मात्र नुसता सूंऽऽ. सगळे सेट तसेच. नवऱ्याने दिल्लीला फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं, "रूस के लिए बना माल है भाईसाब, उधर की पार्टी बैठ गई, उठाया नहीं. आप ही देख लो." गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिकने सांगितलं की त्यांच्याकडच्या टीव्हीत आवाजाची जागा आपल्यापेक्षा वेगळी असते. सेटच्या पोटात पत्र्याची एक चिमुकली डबी असते, तिच्यातला पेच केसभर फिरवला की आवाज आपल्या जागी येईल. पण पेचकस लोखंडी नको, लोखंड जवळ आलं की आवाज पळतो. मग सासूबाईंनी आपली प्लास्टिकची विणायची सुई दिली आणि मी तिचं टोक तासून घेतलं. पुढचा महिनाभर मी तेच करत होते. सेट उघडायचा, सुई घालायची, कान लावून फिरवत राहायचं. सूंऽऽ करता करता एकदम धून उघडायची. सासूबाई आतल्या खोलीतून ओरडायच्या, "आली गं!" त्या दिवसांत मी सुखात होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

तो माल पुष्कळसा आमच्याच शहरातल्या परदेशीपुऱ्यात गेला. तिथल्या कापडगिरण्या तोवर बंद पडल्या होत्या. घरी बसलेल्या माणसांनी बाहेरच्या खोलीत टीव्ही मांडला आणि गल्लीतल्या पोरांना तासाच्या हिशेबाने गेम खेळायला द्यायला सुरुवात केली. सेट बिघडला की नवरा जायचा, कधीकधी मीही सोबत जायचे. दारातल्या खुर्चीवर घरचा माणूस बसलेला असायचा. गिरणीत ज्याच्या हाताखाली माणसं होती, तो आता पोरांचे नंबर लावायचा. "चल रे, तेरा टाइम खतम." पोरं त्याला उलट बोलायची आणि तो ऐकून घ्यायचा. मला तिथे कधी बरं वाटलं नाही. आम्ही त्यांना खेळणं विकलं होतं, त्यात आमचं काही चुकलं नव्हतं, तरी निघताना मी कोणाच्या डोळ्यांत बघत नसे.

पुढे मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन मी सेट तपासायचे. ती त्या धूनवर झोपायची आणि सेट बंद केला की जागी व्हायची. ती शाळेत जायला लागेपर्यंत हे चाललं. मग मोबाइल आले, गेमचं दुकान मोबाइल कव्हरचं आणि चार्जरचं झालं, आणि आमचं घर शांत झालं.

तर त्या सकाळी ती धून तिच्या फोनमधून येत होती. थांबतच नव्हती. फोनवर जुने गेम खेळणारी पोरं असतात, मला माहीत आहे, पण त्यांतलं कोणी यादी उघडी टाकून बसत नाही. इतका वेळ यादी वाजते आहे म्हणजे कोणीतरी सेट तापायला ठेवलाय. आणि सेट तापायला ठेवणारं माणूस जुनं असणार, त्याच्याकडे जुना टीव्ही असणार. हॉस्टेलच्या पोरींकडे कुठला आलाय टीव्ही? ते कोणाचं तरी घर होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिने भिंत निवडली होती, चेहरा निवडला होता, आवाजसुद्धा निवडून आणला होता. ती धून मात्र तिच्या कानांना लागलीच नव्हती. दुसरी कुठलीही मुलगी आधी म्हणाली असती की हे जरा बंद करा, मला आईशी बोलायचंय. हिच्यासाठी तो घरातला आवाज होता.

"तू कोणाच्या घरात आहेस?" मी विचारलं.

"काय? आई, मी बोलले ना, हॉस्टेल..."

"मागे गेम तापतोय."

तिने मान वळवून मागे बघितलं, आणि तेव्हा कुठे तिला ते ऐकू आलं. तिचा चेहरा लहानपणी पकडली गेली की व्हायचा तसा झाला.

मग सगळं बाहेर आलं. तिच्या हॉस्टेलचंही खालचं दार फोडलं होतं. ती आणि तिच्या खोलीतल्या मुली न्हाणीघरात दिवे बंद करून बसल्या होत्या. वर कोणी आलं नाही, पण जिन्यात आवाज येत होते. सकाळी हॉस्टेलसमोर पाव विकणारी म्हातारी आली, जिच्याकडून ही रोज पाव घ्यायची, आणि हिचा हात धरून हिला आपल्या घरी घेऊन गेली. बाकीच्या मुली विमानाने घरी परतल्या. ही त्या दिवसापासून म्हातारीकडे राहत होती आणि रोज सकाळी पांढरी भिंत शोधून मला फोन करत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज ऐकून नवरा आंघोळीहून तसाच धावत आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने फोन हातात घेतला, कान लावला, आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "बेटा, सेट कुठला आहे?" माझ्या हातात झारा होता. तो त्याच्या डोक्यात घातला नाही, हे माझ्या आईवडिलांचे संस्कार.

त्याच्या त्या प्रश्नामुळे एक मात्र झालं. मुलगी फोन घेऊन शेजारच्या खोलीत गेली आणि आम्हाला ते दोघं दिसले. डोक्याला रुमाल बांधलेली, एक दात सोन्याचा असलेली म्हातारी. तिला मुलगी आपा म्हणते, तिकडच्या भाषेत आई. आणि टेबलाशी लोकरीची टोपी घातलेले आजोबा, समोर उघडा पडलेला राखाडी डबा. डब्याच्या पोटातली पत्र्याची डबी मी लांबून ओळखली. मुलगी मधे उभी राहून इकडचं रशियनमध्ये तिकडे आणि तिकडचं आमच्या खिचडी मराठीत इकडे करत होती.

पुढचे काही दिवस रोज सकाळी ही बैठक भरायची. नवरा आणि आजोबा धंद्याचं बोलायचे. मी ऐकत असे, कारण माझी पोर ज्यांच्या घरात होती त्या माणसांबद्दल कळायला दुसरा काही मार्ग नव्हता. आजोबा कारखान्यात होते. देश मोडला, कारखाना बंद पडला. त्याच सुमारास मॉस्कोतल्या एका कंपनीने हे टीव्ही गेम आणले. तीही नक्कलच, पण कंपनीने आपलं नाव लावलं, दुकानं मांडली, टीव्हीवर जाहिरात केली, बिघडलं तर दुरुस्त करून द्यायची सोय केली. लोकांनी जपानचं यंत्र कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या लेखी मॉस्कोवाल्यांचं तेच अस्सल. ते आजोबांच्या शहरात पोचायचं महाग होऊन आणि तेही थोडं. मग आजोबांसारखे लोक बसने सीमेपलीकडे चीनमध्ये जायला लागले. चट्ट्यापट्ट्यांच्या मोठ्या पिशव्या भरून आणायच्या, अंगावर घेऊन झोपायचं, सीमेवर पोलिसांशी हुज्जत घालायची. पिशव्यांत त्या नकलेची नक्कल. जहाजांच्या रिकाम्या कंटेनरांचा एक बाजार उभा राहिला, त्यातल्या एका कंटेनरात त्यांचं दुकान. शहरातल्या किती घरांत त्यांनी गेम दिला असेल, त्यांनाही आठवत नव्हतं. आता तीच पोरं मोठी झाली आहेत, लहानपणचा सेट दुरुस्त करून मागतात, म्हणून हे पुन्हा तापायला ठेवणं सुरू. गेमची नवी मोठी यंत्रंही त्याच बाजारातून पुढे जातात म्हणे. रशियाची लढाई सुरू झाल्यापासून मोठ्या कंपन्यांनी त्या देशाला माल पाठवणं बंद केलं, मग तो यांच्या शहरातून आडवाटेने जातो.

नवऱ्याने त्यांना आमच्या मुक्या मालाची गोष्ट सांगितली. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "त्या वर्षी आम्ही मालाची वाट बघत बसलो होतो. तो तुमच्याकडे गेला होय!" नवरा खूश झाला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "बघ, आपल्याच लाइनचे लोक आहेत. पोरगी सेफ आहे. आता तू पण जरा शांत बैठ."

"लाइन एक म्हणजे नातं झालं का?" मी म्हणाले. "तुझ्या लाइनच्या दिल्लीवाल्याने तुला मुके सेट विकले होते."

मला तिला परत आणायचं होतं. त्या घरातलं कोणी मला वाईट वाटत नव्हतं, उलट आपाचे पाय धरावेत असं वाटत होतं. पण आजोबांच्या गोष्टी ऐकताना मला सारखा परदेशीपुरा दिसायचा. दारातल्या खुर्चीवरचा माणूस, आणि त्याला उलट बोलणारी पोरं. कारखाना गेला की त्या घरातल्या पोरांच्या वाट्याला काय येतं, हे मी आमच्याच शहरात बघितलं होतं. दारं फोडणारी ती पोरं आभाळातून पडली नव्हती. कोणाच्या तरी घरी ती जेवत होती, कोणाच्या तरी दुकानातून त्यांनी गेम नेला होता. हा विचार डोक्यात आला आणि मग निघेना.

एक दिवस मी मुलीला म्हटलं, "आजोबांना विचार, त्या जमावात तुमच्या गल्लीतली पोरं होती का?"

"आई, असं कोण विचारतं?"

"मी विचारते. सांग त्यांना."

"मैं नहीं पूछ रही. त्यांनी मला घरात ठेवलंय."

"म्हणूनच विचार."

तिने विचारलं. मान खाली घालून, हळू आवाजात. आजोबांच्या हातात सोल्डरिंगचं पेन होतं, ते त्यांनी स्टँडवर ठेवलं. आपा खिडकीकडे बघायला लागली. मग आजोबांनी एक शब्द उच्चारला आणि मुलीने तो सांगायच्या आधीच मला कळला.

"होती म्हणताहेत," मुलगी म्हणाली. "समोरच्या बिल्डिंगमधला एक. आजोबांनीच त्याला लहानपणी सेट दिला होता. हे त्याच्या आईकडे जाऊन आले. ती दार उघडून रडली म्हणे, आणि बोलली की तो ऐकत नाही."

मग आपा बोलायला लागली. तिचा मुलगा मॉस्कोत आहे, घरोघरी सामान पोचवतो. तिकडे यांच्यासारख्या चेहऱ्याच्या माणसांना रस्त्यात अडवतात, कागद मागतात, कधी मारतात. मुलगी सांगत होती आणि मधेच थांबली.

"पुढे काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती म्हणते, तो पण रोज फोन करतो." मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली. "तो पण म्हणतो, सगळं ठीक आहे."

आपाने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. भाषेची गरज नव्हती. मला तिची दया आली, स्वतःची आली आणि मुलीचा भयंकर राग आला, सगळं एकदम.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला बाहेर काढलं आणि मुलीशी एकटी बोलले. मनात ठरवून बसले होते की तिकीट काढतेय असं सांगून टाकायचं. पण आधी विचारलं, "तू माझ्याशी खोटं का बोललीस?"

"खरं बोलले असते तर तू मला तिथे एक दिवस तरी राहू दिलं असतं?"

उत्तर आम्हा दोघींना माहीत होतं. तिला मी लहानपणापासून सांगत आले होते की मला सगळं सांगत जा. आणि तिने जे जे सांगितलं ते ते मी बंद केलं होतं. मैत्रिणीचा भाऊ स्कूटर जोरात चालवतो म्हणाली, तर मैत्रीण बंद. ट्यूशनच्या रस्त्यावर पोरं उभी असतात म्हणाली, तर ट्यूशन बंद. मी हे प्रेमानेच केलं होतं आणि आजही करेन. पण त्यातून ती काय शिकली, हे मला त्या पांढऱ्या भिंतीने दाखवलं होतं. मी तिला घरी आणलं असतं तर ती आली असती. पण पुढे आयुष्यभर माझ्याशी बोलताना ती मागची भिंत निवडत राहिली असती.

"ऐक," मी म्हणाले. "तू रोज मला खरं सांगायचं. जसं असेल तसं. आणि मी तुला परत ये म्हणणार नाही. तुला यायचं असेल तर तू सांग, मी त्याच दिवशी तिकीट काढेन. पण मी म्हणणार नाही."

"पक्का?"

"पक्का."

"बाबांना पण सांग."

नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुझी तबियत ठीक आहे ना?"

मग खरं यायला लागलं. सुरुवातीला बारीक बारीक. कॉलेज उघडलं, पण वर्ग अर्धे रिकामे. बसमध्ये एका माणसाने हिच्या शेजारची जागा सोडली आणि दुसरीकडे जाऊन उभा राहिला. एका प्राध्यापिकेने जवळ घेतलं. आपा रोज स्टॉपपर्यंत सोडायला येते आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे वटारून बघते. घोड्याचं मांस खात नाही म्हणून आजोबा हिची रोज चेष्टा करतात. पाढे ऐकवल्यासारखं ती सांगायची आणि मी ओठ दाबून ऐकायचे. फोन ठेवला की काय काय बंद करता येईल, याची मनात यादी करायचे आणि गिळून टाकायचे. मला वाटलं, जमतंय. तिची परीक्षा जवळ आली. नवरा तर पुन्हा आजोबांशी जुन्या मालाच्या गप्पा मारायला लागला होता.

परवा तिचा फोन आला तो नेहमीपेक्षा उशिरा. आम्ही जेवायला बसत होतो. ती खोलीत एकटी होती, अंगात बाहेरचा कोट तसाच होता.

"आई, आज मला भीती वाटली," ती म्हणाली.

हे तिने कधीच म्हटलं नव्हतं. लहानपणी अंधारातसुद्धा नाही. न्हाणीघरात दिवे बंद करून बसल्याचं सांगतानासुद्धा नाही. मी ताट बाजूला सारलं.

आपाला बरं नव्हतं म्हणून ही त्या दिवशी कॉलेजातून एकटीच आली. स्टॉपवर उतरली तेव्हा काही पोरं मागे चालायला लागली. कोणी काही बोललं नाही, कोणी हात लावला नाही, नुसती मागे चालत होती. ही थांबली की थांबायची, चालली की चालायची. समोरच्या बिल्डिंगमधला तो त्यांच्यात होता. घराचं दार लावेपर्यंत हिने मागे बघितलं नाही. "आणि मला अजून पण भीती वाटून राहिली आहे," ती म्हणाली. "कोट पण नाही काढला मी."

नवऱ्याने माझा दंड धरला. "बोलाव तिला," तो कुजबुजला. "बस झालं. आत्ताच्या आत्ता बोलाव. मी टिकट बघतो." त्याने स्वतःचा फोन काढलासुद्धा.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला बाबांचं ऐकू गेलं असणार. ती बोलाव म्हणत नव्हती, येते म्हणत नव्हती. ती थांबली होती. मी आता काय करते, हे बघायला थांबली होती. माझ्या जिभेवर 'ये' हा एकच शब्द होता आणि तो इतका जड होता की तोंड उघडलं असतं तर तोच पडला असता. मला माझा शब्द मोडायचा होता. आजवर कधी काही मोडावंसं वाटलं नसेल इतकं ते वाटत होतं. आणि तो मोडला तर उद्यापासून ती मला रोज फोन करेल आणि सगळं ठीक आहे म्हणेल, हेही मला तितकंच स्पष्ट दिसत होतं.

मी नवऱ्याचा हात दंडावरून काढला आणि माझ्या हातात घट्ट धरून ठेवला.

"मग?" मी म्हणाले. "दार लावल्यावर तू काय केलंस? सांग, मी ऐकतेय."